जुन्या संगणकावर इंटरनेट कसे पाहावे

शहरात नोकरीला गेलेली पोरे नवा संगणक घेतात आणि जुना गावी आणून देतात. आमच्या केडगावातही असे संगणक येतात. यंत्र जुने झाले म्हणून ते टाकाऊ होत नाही. पण त्याच्याकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे कळले पाहिजे. म्हातारा बैल आपण दावणीला ठेवतो. त्याला उसाच्या गाडीला जुंपतो का?

इंटरनेटवरची पाने दूरदूरच्या संगणकांत ठेवलेली असतात. ती आणून आपल्यापुढे मांडणारे जे साधन, त्याला ब्राउझर म्हणतात. जुन्या संगणकावर बहुधा निळ्या रंगाचे 'ई' हे इंग्रजी अक्षर दिसेल. त्याच्याभोवती सोनेरी कडे असते. हा इंटरनेट एक्सप्लोरर. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो १९९५ साली काढला आणि १५ जून २०२२ रोजी त्याचे काम थांबवले. जुन्या संगणकावर तो अजूनही उघडतो. मग थांबवले म्हणजे काय? त्याची डागडुजी आता होत नाही. भिंतीला भोक पडले, तर बुजवायला गवंडी येणार नाही.

त्या अक्षरावर माऊसने लागोपाठ दोनदा टिचकी मारावी. ब्राउझर उघडेल. वरच्या बाजूला एक लांब पांढरी पट्टी दिसते. तिच्यात पत्ता लिहावयाचा आणि एंटर दाबावयाचे. पत्ता इंग्रजी अक्षरांत असतो, म्हणून तो वहीत नीट उतरवून ठेवावा. मागच्या पानावर जायचे तर डावीकडचा बाण दाबावा. अक्षर बारीक वाटले तर कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि अधिकचे चिन्ह दाबावे. अक्षर मोठे होते. आमच्या वयाच्या माणसांना ही एक गोष्ट आली तरी पुष्कळ झाले!

कधी पान वेडेवाकडे दिसते. चित्रे येत नाहीत, बटण दाबले तरी काही होत नाही. अशा वेळी आपलेच चुकले असे वाटून पुष्कळ जण हात आखडतात. तसे नाही, बरे का. जुन्या दप्तरातले मोडी कागद आज आपल्यापैकी फार थोड्यांना वाचता येतात. इथे त्याच्या उलट आहे. पाने नव्या रीतीने लिहिलेली, आणि वाचणारा जुना. त्याला ती रीत येत नाही.

आता एक नेहमीची अडचण सांगतो. कोणतेही पान उघडा, धोक्याची सूचना येते. अशा वेळी आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. संगणकात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जातो. प्रत्येक सुरक्षित पानाला ओळखपत्र असते, आणि त्याला मुदत असते. तारीखच चुकीची, मग खरे ओळखपत्रही खोटे ठरते. तारीख बरोबर करावी, सेल बदलून घ्यावा. एवढे करूनही सूचना आली, तर मात्र पुढे जाऊ नये.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चित्र असते. कुलूप आहे म्हणजे वाटेत कोणी आपला मजकूर वाचू शकत नाही, एवढेच. समोरचा माणूस सज्जन आहे, असे कुलूप सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतेच की! म्हणून पत्ता वाचावा, आणि तो शेवटाकडून वाचावा. केडगाव आमचेही आहे आणि पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातही आहे. पाकिटावरचा जिल्हा पाहिला नाही, तर पत्र भलतीकडे जाईल. इथेही तसेच. सातबारा दाखवणाऱ्या सरकारी पानाचा पत्ता भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. शेवटी जीओव्ही डॉट इन, म्हणजे पान सरकारचे. 'महाभूमी' हा शब्द पुढे कोणीही लावील. पत्त्यातले नाव तिरप्या रेघेपाशी संपते, तिथून मागे वाचत यावे.

आता कामाचे बोलू. जुन्या ब्राउझरवर वर्तमानपत्र वाचा, बाजारभाव पाहा, हवामान पाहा. पण बँकेचे खाते उघडू नये. पासवर्ड आणि ओटीपी त्याच्यात लिहू नये. पैशाची देवघेव तर मुळीच नको. भोक पडलेल्या भिंतीच्या घरात आपण दागिने ठेवत नाही.

नवा ब्राउझर बसवला तर? जाणत्याकडून जरूर बसवून घ्यावा. मात्र फार जुन्या संगणकावर तो बसत नाही. विंडोज सात या प्रणालीची डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली, आणि २०२३ पासून तिच्यासाठी नवा क्रोमही निघत नाही.

सातबारा नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. जुन्या ब्राउझरवर ते पान उघडले, तर आपला गट नंबर, क्षेत्र आणि नावे ताडून पाहावी. पण तो उतारा कचेरीत किंवा बँकेत चालत नाही. तिथे डिजिटल सहीचा उतारा लागतो. त्याची सरकारी फी १५ रुपये आहे, आणि ती भरताना पैशाची देवघेव आली. ते काम चांगल्या मोबाईलवर किंवा सेवा केंद्रात जाऊन करावे. केंद्रवाला आपले काही निराळे घेईल. ते किती, हे आधी विचारावे आणि पावती मागून घ्यावी.