कोलकाता ते आगरतळा : अंतर आणि वेळ

नकाशावर कोलकाता व आगरतळा ही शहरे सरळ रेषेने जोडली, तर त्यांमधील अंतर सुमारे 320 किलोमीटर भरते. ही रेषा बहुतांशी बांगलादेशावरून जाते. 1947 पूर्वी याच सपाट मुलखातून, आगगाडी व आगबोट यांच्या साहाय्याने, त्रिपुरेच्या सीमेलगतच्या अखौरा स्थानकापर्यंत येता येत असे. फाळणीने तो मार्ग परदेशात गेला. भारताच्या हद्दीतून जाणाऱ्या आगगाडीला सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टीतून गुवाहाटीवरून वळसा घालावा लागतो. हा प्रवास दीड हजार किलोमीटरांहून अधिक असून त्यास सुमारे दीड दिवस लागतो.

विमान मात्र शेजारी देशाच्या आकाशातून जाऊन साधारणतः तासाभरात पोहोचते. ताशी 750 किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या तासाचेही नाही. परंतु धावपट्टीवर जाणे, उंची गाठणे आणि वेग कमी करीत उतरणे यांत उरलेला वेळ खर्च होतो.

म्हणूनच त्रिपुरेतील एखाद्या रुग्णाला कोलकाता किती दूर आहे, हे केवळ किलोमीटरांवरून सांगता येत नाही. त्याला कोणते तिकीट परवडते, यावर ते अवलंबून असते.