घांघरियाचे दोन फाटे

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिब. एक वाट फुलांची, दुसरी भक्तीची. पण दोन्ही वाटा मुळात भ्यूंडार खोऱ्यातल्या माणसांच्या.

बद्रीनाथच्या रस्त्यावर जोशीमठ मागे टाकलं की वीसेक किलोमीटरवर गोविंदघाट लागतं. अलकनंदा ओलांडून जीप पुलना गावापर्यंत जाते. तिथून भ्यूंडार खोऱ्यात, लक्ष्मणगंगेच्या काठाने नऊ-दहा किलोमीटर चढलं की घांघरिया. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं, तीन हजार मीटरवरचं हे ठाणं हिवाळ्यात ओस असतं. जून उजाडला की खेचरांच्या घंटा, ‘वाहेगुरू’चा गजर आणि पाठीवर सॅक घेतलेले ट्रेकर यांनी त्याची एकुलती गल्ली भरून जाते. गावाच्या थोडं पुढे वाट फुटते. डावा फाटा फुलांच्या घाटीत जातो, उजवा हेमकुंडाला.

दोन्ही जागांचे ‘शोध’ जवळपास एकाच वेळी लागले. जून १९३१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याच्या सोबत्यांनी ७,७५६ मीटर उंचीचं कामेट सर केलं. तोवर माणसाचा पाय लागलेलं ते सर्वांत उंच शिखर. परतताना पावसाळी हवेत ते एक खिंड ओलांडून खाली उतरले, ते थेट फुलांत. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला, राहिला, रोपं-बिया गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक काढलं. ते नाव घाटीला कायमचं चिकटलं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग या वनस्पती गोळा करायला आल्या आणि इथेच कड्यावरून घसरून गेल्या. त्यांची समाधी घाटीत आहे.

उजव्या फाट्याची गोष्ट ग्रंथातून सुरू होते. दशम ग्रंथातल्या ‘बचित्तर नाटक’ या रचनेत गुरू गोविंदसिंग पूर्वजन्मी सात शिखरांच्या हेमकुंट पर्वतावर तप केल्याचं सांगतात. ज्या गुरूंचा देह १७०८ मध्ये आपल्या नांदेडला, गोदाकाठी ठेवला गेला, त्यांच्या पूर्वजन्मीची ही तपोभूमी. ती नेमकी कुठे, याचा माग एकोणिसाव्या शतकात पंडित तारासिंग नरोत्तम यांनी काढला. पुढे संत सोहनसिंग शोधत निघाले. जवळच्या पांडुकेश्वर गावची मंडळी लोकपाल नावाच्या तळ्यावर स्नानाला जातात, असं कळल्यावर ते त्यांच्यासोबत गेले, असं सांगतात. १९३४ मध्ये हवालदार मोदनसिंग यांच्या साथीने जागेची खूण पटली आणि दोन-तीन वर्षांत तिथे छोटासा गुरुद्वारा उभा राहिला. आजची ताऱ्याच्या आकाराची इमारत नंतरची.

म्हणजे स्माइथच्या घाटीत भ्यूंडारचे लोक आधीपासून मेंढ्या चारत होते आणि सोहनसिंगांच्या तळ्यावर आधीपासून लोकपाल लक्ष्मणाची पूजा होत होती. लक्ष्मणाचं देऊळ आजही गुरुद्वाऱ्याशेजारी आहे. बाहेरच्यांनी ज्या जागांना नावलौकिक दिला, त्या गावकऱ्यांच्या रोजच्या वहिवाटीतल्या होत्या.

घाटी १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, चराई बंद झाली आणि २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीने ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. बहर पाहायचा तर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. दरड कोसळून रस्ता बंद होण्याचेही हेच दिवस, त्यामुळे हातात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत. निळी पॉपी दगडांच्या आडोशाला उगवते. पाकळ्या रेशमी, देठावर मात्र काटे. ऑगस्टमध्ये उतारच्या उतार गुलाबी करतो तो आपल्या तेरड्याचा भाऊबंद. पिकलेल्या शेंगेला बोट लावा, फट्कन फुटून बिया उडतात, अगदी गौरीच्या तेरड्यासारख्या. रंगही तसाच थोड्या दिवसांचा: दर पंधरवड्याला घाटीचा नूर बदलतो.

या फुलांच्या मुळावर अमेला नावाचं माणूसभर वाढणारं झुडूप उठलं आहे. वन विभाग ते दरवर्षी उपटतो. चराई थांबली म्हणून ते माजलं, असं एक मत. हिमस्खलनाने उघड्या पडलेल्या जमिनीवर ते पसरतं, त्याचा मेंढ्यांशी संबंध नाही, असं दुसरं. कासच्या पठारावर गुरं आणि कुंपण यांवरून झालेले वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

हेमकुंडाची वाट मात्र दम काढते. सहाएक किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि डोकं ठणकायला लागतं. वर मुक्कामाची सोय नाही, ते एका अर्थी बरंच आहे. दर्शन घ्यावं, लंगरमधली गरम खिचडी आणि चहा घ्यावा आणि दुपारी उतरायला लागावं. घांघरियाला एक रात्र आधी काढून, पहिल्या दिवशी घाटी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड असा क्रम ठेवला तर शरीराला उंचीची सवय होते.

याच वाटेवर, तळ्याच्या आसपास ब्रह्मकमळ दिसतं. आपल्या गॅलरीत रात्री उमलतं ते अमेरिका खंडातलं निवडुंग. हे सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण पाकळ्या समजतो ती फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ पानं असतात आणि खरी जांभळी फुलं त्यांच्या आत, थंडीपावसापासून झाकलेली. नंदाष्टमीच्या आधी ते खुडायचं नाही, असा पहाडातला दंडक आहे. नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी, आपल्याकडे गणपती बसलेले असतात तेव्हा. तोवर बी धरायला फुलाला उसंत मिळते. देवीच्या नावाने पाळलेला हा नियम उद्यानाच्या कायद्याहून कितीतरी जुना आहे.

जून २०१३ च्या पुरात लक्ष्मणगंगेने भ्यूंडार गाव वाहून नेलं. तरी हेच लोक हॉटेलं, खेचरं आणि कंडी (प्रवासी वाहून नेणाऱ्या पाठीवरच्या टोपल्या) चालवतात, त्यांची ईको विकास समिती वाटेवरचा कचरा उचलते. फुलं पाहायला जाणाऱ्याला घांघरियात खोली आणि जेवण मिळतं, ते यात्रेच्या गर्दीवर पोसलेल्या या व्यवस्थेमुळेच.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च २,७३० कोटी, क्षमता दिवसाला ११,००० माणसं. वृद्ध आणि आजारी भाविकांची त्यामुळे सोय होईल, यात शंका नाही. पण दिवसाला किती माणसं वर नेता येतील हा हिशेब यंत्राचा झाला. तळ्याकाठच्या उतारांना किती माणसं पेलतील, हा हिशेब वेगळा आहे. तो मांडताना भ्यूंडार-पुलनाच्या लोकांना सोबत घ्यायला हवं, कारण रोजगार त्यांचा पणाला लागला आहे आणि फूल कधी खुडायचं, कधी नाही, हे ठरवण्याचा अनुभवही त्यांच्याकडेच सर्वांत जुना आहे.