कुंपण सरकले, आता पोलीस की कोर्ट?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की आक्षीनंतर नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीला लागून वाडी. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईत नाहीतर आखाती देशांत असतात. मे महिन्यात गावी यावे, तर शेजारचे कुंपण दोन हात आत आलेले! तावातावाने पोलीस ठाणे गाठावे, तर उत्तर मिळते, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." ही टाळाटाळ वाटते, कधी ती असतेही. पण पुष्कळदा हे उत्तर कायद्याला धरून असते. हा फरक प्रत्येक घराला ठाऊक हवा.

दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत हक्क नसताना शिरणे किंवा तिथे कुंपण घालणे हे दिवाणी अतिक्रमण. हद्द चुकून ओलांडली असली तरी जमीनवाला मनाई हुकूम, ताबा आणि नुकसानभरपाई मागू शकतो. फौजदारी अतिक्रमणासाठी मात्र हेतू लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ सांगते, की गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे. रीतसर आत येऊन त्याच हेतूने तिथे ठाण मांडणे हाही गुन्हाच. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहत्या घरात शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत. समोरच्याला त्रास होईल हे माहीत असणे पुरेसे नाही, त्रास देणे हाच उद्देश असायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात जुन्या दंडविधानातील कलम ४४१ चा अर्थ लावताना सांगितले होते.

समुद्राची वाट चुकून वाडीत आलेला पर्यटक गुन्हेगार नाही. "माझी हद्द इथपर्यंत आहे" असे प्रामाणिकपणे मानून कुंपण घालणाऱ्या शेजाऱ्याशी वाद दिवाणी आहे. पण तोच शेजारी कोयता घेऊन आला, राखणदाराला धमकावले, नारळ उतरवून नेले, तर तो गुन्हा आहे आणि दखलपात्र आहे. म्हणून तक्रारीत नुसते "सातबारा माझ्या नावावर आहे" असे लिहू नका. कोण आले, कधी आले, काय बोलले, काय तोडले, कोणी पाहिले, ते लिहा.

वाद हद्दीचा असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. ताबा बेकायदा काढून घेतला गेला असेल, तर सहा महिने ही मुदत लक्षात ठेवा. तेवढ्या काळात मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे किंवा विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात जाता येते आणि मालकी सिद्ध करत बसावे लागत नाही. मुदत टळली तर मालकीच्या आधारे दावा उरतो, त्यालाही बारा वर्षांची मर्यादा आहे. आणि माणसे जमवून स्वतःच कुंपण उखडायला जाऊ नका. स्थिर ताबा असलेल्याला खऱ्या मालकानेही बळाने हुसकावू नये, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

सुनन अबू दाऊदमधली एक हकीकत इथे आठवते. हजरत समुरा बिन जुन्दुब (रजि.) यांची खजुराची झाडे एका अन्सारींच्या बागेत होती. झाडांकडे जाण्याचा त्यांना हक्क होता, पण त्यांच्या येण्याजाण्याने घरच्यांना त्रास होई. प्रेषित (स.) यांनी आधी सुचवले की झाडे विकावीत, मग, दुसरीकडची बदल्यात घ्यावीत, मग, ती देऊनच टाकावीत. यातले काहीच मान्य झाले नाही, तेव्हा अन्सारींना झाडे काढून टाकायला सांगितले. हक्क असला तरी तो दुसऱ्याला छळण्यासाठी नाही. आणि हुकमाच्या आधी तीनदा समझोत्याची वाट दाखवली गेली, हेही विसरू नये. शेजाऱ्याला नोटीस धाडण्याआधी एकदा त्याच्या ओटीवर बसून बोलायला काय हरकत आहे?

आता थोडे आपल्या घरात पाहू. वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी झालेली नसते, सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे चढतात. बहीण चार नारळ न्यायला आली की भाऊ विचारतो, "आमच्या वाडीत का शिरलीस?" वडिलांचा इंतकाल झाला त्याच क्षणी तिचा हिस्सा ठरला. सूरह निसामध्ये तो सांगितलेला आहे आणि फेरफारात नाव नाही म्हणून तो बुडत नाही. सामाईक वाडीत येणारी हिस्सेदार अतिक्रमण करत नाही.

वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शेजाऱ्याने सरकवलेले कुंपण आपल्याला लगेच दिसते. बहिणीच्या हिश्श्यावर आपणच घातलेले कुंपणही या सुट्टीत मोजून पाहू या.