डोंगरावरची राखण

सिंधुदुर्गात समुद्रावर नजर ठेवायची सोय फार जुनी आहे. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला गेला, तो समुद्र ताब्यात राहावा म्हणून. पुढे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर दीपगृह उभं राहिलं, ते जहाजं वाचावीत म्हणून. डोंगराच्या बाजूलाही एकेकाळी पहारे होते. घाटमाथ्याच्या कडेला रांगणा, त्याच्या दक्षिणेला मनोहर आणि मनसंतोष. घाटवाटांवरून कोण चढतंय, कोण उतरतंय, हे या गडांवरून कळायचं. १८४४-४५ मधलं गडकऱ्यांचं बंड मोडल्यावर मनोहरगडाचा पहारा संपला. डोंगराकडे रात्रंदिवस पाहणारा सरकारी डोळा त्यानंतर उरला नाही. आणि याच डोंगरांवर आता दरवर्षी शिमग्याच्या आगेमागे वणवा पेटतो.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे आग कशी लागेल? खरं म्हणजे वणव्याचं सरपण तो पाऊसच तयार करतो. सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि सड्यांवर, उतारांवर कमरेएवढं गवत माजतं. जांभा दगड सच्छिद्र, त्यात पाणी टिकून राहत नाही. दसरा-दिवाळीला हिरवंगार असलेलं रान माघात पिवळं पडतं, पानगळ सुरू होते आणि फाल्गुनात पायाखाली सगळं कुरकुरायला लागतं. मग एक विडीचं थोटूक, विजेच्या तारांची एक ठिणगी किंवा कुणाची आवरती न घेतलेली भाजावळ पुरते. शिकारीसाठी रान मोकळं करणारेही असतात. ‘डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ हा समज तर घराघरांत आहे. राखेमुळे पहिल्या पावसात कोंब लवकर हिरवे दिसतात, एवढंच त्यात खरं. उघड्या पडलेल्या मातीचा वरचा थर त्याच पावसात व्हाळातून वाहून जातो आणि वर्षागणिक तिथे फक्त राठ गवत उरतं.

भाजावळीबद्दल मात्र घाईने बोलू नये. भाताचा तरवा टाकायच्या जागेवर कवळं, शेण, पातेरा पसरून तो जाळायचा ही कोकणातली जुनी रीत. माती भाजते, तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं. इंग्रजी अमलात जंगलं राखीव होऊ लागली आणि राबासाठी, म्हणजे अशा भाजावळीसाठी, फांद्या तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये त्यासाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि कलम ७९ नुसार वनात हक्क किंवा सवलत भोगणाऱ्याने आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. जंगल ‘त्यांचं’ आणि आग विझवायची ‘आम्ही’, ही तेढ तिथपासूनची. सिंधुदुर्गात तिला आणखी एक वळण आहे. इथलं बरंचसं रान खाजगी किंवा सामाईक मालकीचं आहे. वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात जाळरेषा काढतो, फिरतो, ब्लोअरने पातेरा उडवून आग अडवतो. पण आग सातबारा वाचून पेटत नाही, आणि शेजारच्या खाजगी डोंगरावर लक्ष कुणी ठेवायचं हे ठरलेलं नसतं.

अमेरिकेत हा प्रश्न एका भयंकर आगीने सोडवायला लावला. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथल्या वनखात्याने शिखराशिखरांवर टेहळणीच्या केबिनी बांधायचा सपाटा लावला आणि पुढच्या काही दशकांत त्यांची संख्या हजारोंवर गेली. बऱ्याच केबिनी एका साच्यातल्या: चौदा फूट बाय चौदा फूट, चारही भिंतींना काचा, आत एक खाट, एक चूल, आणि खोलीच्या मधोमध ऑस्बोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने तयार केलेलं यंत्र. यंत्र साधंच. गोल नकाशा आणि त्याभोवती फिरणारी अंशांची कडी. धूर दिसला की कडीवरच्या फटीतून नेम धरायचा आणि अंश वाचायचे. एका केबिनीतून फक्त दिशा कळते. दुसऱ्या शिखरावरच्या माणसानेही त्याच धुरावर नेम धरला की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे आग. वीज कडाडत असताना या माणसांनी काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभं राहायचं, असा दंडक होता. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट ही बाई अशी नोकरी धरणारी पहिली स्त्री ठरली. जॅक केरुअॅक हा लेखक १९५६ च्या उन्हाळ्यात डेझोलेशन शिखरावर ६३ दिवस होता आणि त्यातून त्याची पुस्तकं निघाली. आज यातल्या थोड्याच केबिनींत माणूस असतो; कित्येक केबिनी तिथलं वनखातं रात्रीच्या मुक्कामाला भाड्याने देतं. लोक काही महिने आधी नोंदणी करून सूर्यास्त पाहायला तिथे जातात.

आपल्याकडे अशी साखळी उभी राहिली नाही. मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कॅप्टन पिअर्सन यांनी आगीपासून संरक्षणाचे पद्धतशीर प्रयत्न सुरू केले, पण भर जाळरेषांवर आणि माणसांच्या गस्तीवर राहिला. माझं म्हणणं असं की सिंधुदुर्गात डोंगरावर रात्र काढून आगीवर नजर ठेवणारा माणूस आहे, फक्त तो सरकारी नाही. तो काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या छोट्या घरात असतो.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, पण डोंगर काजूने भरले ते अलीकडे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती, त्यातली १९८१ ची वेंगुर्ला-४ आणि १९९७ ची वेंगुर्ला-७, यांनी कलमाच्या काजूला भाव आणला. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि गवताचे वरकस उतार कलमांखाली गेले. त्यामुळे आग लागली की पूर्वी गवत जळायचं, आता संसार जळतो. काजूचं पान जाड, वाळलं की चामड्यासारखं होतं आणि झाडाखाली त्याचा थर साचतो. बियांच्या टरफलात तेल असतं. घरी चुलीत बी टाकली की ती कशी फुरफुरत पेटते आणि काळा धूर सोडते हे कोकणातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. एका दुपारच्या आगीत पंधरा-वीस वर्षांची झाडं जातात. नवं कलम लावलं तर धरायला तीन-चार वर्षं आणि भरात यायला त्याहून जास्त.

म्हणून माघ ते वैशाख राखण असते. कुडाळ तालुक्यातलं शिवापूर मनोहरगडाच्या पायथ्याला आहे. तिथल्या वरच्या अंगाच्या एका बागेत मी मुक्कामाला गेलो ते ही राखण पाहायला. मांगर चिऱ्याचा, वर नळे, आत शेणाने सारवलेली जमीन. एका कोपऱ्यात बियांची पोती, दुसऱ्यात चूल. पुढची बाजू मुद्दाम उघडी ठेवलेली, कारण तिथून समोरचा अख्खा उतार, मधला व्हाळ आणि पलीकडची डोंगरधार दिसते. मांगराभोवती चारही बाजूंनी बेणणी करून जमीन नागडी केलेली आणि गडग्याच्या दोन्ही अंगांचं गवत कापून काढलेलं. गडगा दगडाचा असला तरी गवत त्याच्यावरून वाकलं की आग सहज उडी मारते, म्हणून हे दरवर्षी करावं लागतं.

राखणीला असलेल्या म्हाताऱ्यांना सगळे आबा म्हणतात. संध्याकाळी पेजेला आधण ठेवून ते बाहेर दगडावर बसले. खाली तीन-चार ठिकाणी धूर उठत होता. मी विचारलं, “आबानू, ह्यातला वणव्याचो खंयचो?”

“धूर सरळ वर गेलो तर भाजावळ,” ते म्हणाले. “आडवो पसारलो तर वणवो.”

हे इतकं थोडक्यात सांगितलेलं शास्त्र आहे. भाजावळ एका जागी धुमसते, ओलसर कवळाचा पांढरा दाट धूर देते आणि सांजेचा वारा पडला की त्याचा खांब होतो. सुक्या गवताची आग जागा बदलते, तिचा धूर पिवळट-करडा असतो आणि तो आगीच्या पुढे पळतो. दुपारभर पश्चिमेचा खारा वारा डोंगर चढत असतो आणि आगही चढणीवर जोरात धावते, कारण खालची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. त्यामुळे दुपारी खालच्या वाडीत लागलेली आग वरच्या बागांना सर्वांत धोक्याची. रात्री मतलई सुटते, वारा डोंगरावरून खाली वाहतो आणि आगीची चाल मंदावते. आबांची झोप या वाऱ्यांच्या हिशेबाने चालते. सर्वांत सावध वेळ दुपारी जेवणानंतरची ते दिवेलागणीपर्यंतची. मग मतलई नीट सुटेपर्यंत अर्धवट जागरण.

सुका बांगडा भाजून पेज झाली तेव्हा अंधार पडला होता. दिवसा धुरावर नजर, रात्री उजेडावर. पलीकडच्या धारेखाली तांबडी रेघ दिसली. आबांनी ती वाचली ती अंशांत नव्हे, खुणांत: वडाच्या वर, पडक्या गडग्याच्या अलीकडे, म्हणजे कुणाची जमीन आणि तिथून कुणाची बाग जवळ, हे त्यांच्या डोक्यात तयार. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून बागेच्या एका ठरावीक टोकाला जाऊन त्यांनी फोन लावला. “गडग्याच्या अलीकडं हा. अजून व्हाळ ओलांडल्यान नाय.” तिकडून चौघे-पाच जण बॅटऱ्या घेऊन निघाले, ते उजेड आम्हाला चढताना दिसले. हिरव्या टाळांनी झोडपून आग मारतात. पुढून नाही, बाजूंनी, आणि जळालेल्या भागावर पाय ठेवून. फारच पसरली तर व्हाळाच्या कडेने स्वतःच पट्टा जाळून तिचं खाणं संपवतात. त्या रात्री एवढं लागलं नाही. अकराच्या पुढे दंव जाणवायला लागलं, रेघ तुटक झाली आणि मध्यरात्रीच्या आधी विझली.

बाकीची रात्र बागेची होती. पिकलेले बोंडू टपटप पडत होते, त्यांचा आंबूस वास मांगरात भरला होता. तो वास उदमांजराला आणि साळिंदराला ओढून आणतो, गव्यांनाही. भेकर दोनदा भुंकलं. रातव्याचा ठोके दिल्यासारखा आवाज बराच वेळ येत होता. हा पक्षी घरटं करत नाही, उन्हाळ्यात पातेऱ्यातच अंडी घालतो. रानकोंबडी आणि लावेही जमिनीवरच. वणव्यात यांचं काय होतं त्याचा पंचनामा कधी होत नाही.

आता उपग्रह आहेत, मग मांगर कशाला, असं विचारणारे भेटतात. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांवरून आगीच्या सूचना देतं. आधी मोडिस या संवेदकाचा एक किलोमीटरचा ठिपका होता. २०१७ पासून व्हीआयआयआरएस या संवेदकाचा ३७५ मीटरचा ठिपका आला. सूचना थेट मोबाइलवर, नियतक्षेत्रापर्यंत पोचते. ही मोठीच सोय आहे आणि मोठ्या आगींसाठी तिला पर्याय नाही. पण व्हीआयआयआरएस आपल्या डोक्यावरून जातो तो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास. दुपारी तीनला पेटलेली, दहिवराने मध्यरात्रीआधी विझलेली आग या दोन फेऱ्यांच्या मधल्या पोकळीत जाते. आम्ही पाहिलेली आग अशीच. एका जागी स्थिर राहून सतत पाहणारे उपग्रहही आहेत, पण त्यांचा ठिपका इतका मोठा की दोन एकरांची गवताची आग त्यात हरवते. कोकणातल्या आगी बऱ्याचदा लहान, वेगवान आणि काही तासांच्या असतात. माझ्या मते सिंधुदुर्गाने उपग्रहाच्या भरवशावर राखण सोडून देऊ नये.

आणि ती सुटत चालली आहे. राखणीला बसणारी माणसं म्हातारी झाली आहेत. तरुण मुलं मुंबई-गोव्याला आहेत, बागा बेणणीविना पडून आहेत, आणि न बेणलेली एक बाग शेजारच्या पाच बागांना आगीची वाट करून देते. मालक एकेकटा राखण्याचा खर्च करतो, फायदा अख्ख्या डोंगराला होतो, त्यात वनखात्याच्या हद्दीतलं रानही आलं. हा भार एकट्याने उचलायचा नाही. वणव्याच्या हंगामापुरता एका धारेला एक राखणदार, त्याची मजुरी ग्रामपंचायत, बागायतदार आणि वनखातं यांनी वाटून घ्यावी. गडग्यांची बेणणी पौषातच सामाईक करून टाकावी. नवे मनोरे बांधायचीही गरज नाही, मांगर आहेतच. फक्त ते एकमेकांना जोडलेले नाहीत. शिवापूरच्या त्या मांगरातून जी रेघ दिसली ती पलीकडच्या शिरशिंगे गावाच्या बाजूच्या एखाद्या मांगरातूनही दिसली असती. दोघांकडे गावाचा एकच नकाशा आणि एकेक होकायंत्र असेल, तर दोन दिशा फोनवर जुळवून आग कुठल्या सर्व्हे नंबरात आहे हे काही मिनिटांत सांगता येईल. वनरक्षकाच्या मोटरसायकलला कुठल्या वाटेने चढायचं ते कळेल. या हंगामापासून दोन गावांनी एवढं करून पाहायला हरकत नाही. नकाशा तलाठ्याकडे मिळतो.