पेरणीआधीचा हिशोब

सकाळी ६.३०
पारनेर तालुक्यातलं गाव. पावसाळा सरलाय, रब्बीची पेरणी तोंडावर आहे. पाण्याचा ताळेबंद मांडायचा तो आत्ताच. एकदा पाभर रानात गेली की कोणाला सवड नसते. बचत गटातल्या दोघींबरोबर विहिरींवर निघते. मोटार चालू असेल ती विहीर सोडायची, कारण तिथली पातळी खरी नसते. टेपच्या टोकाला वजन बांधून खाली सोडलं. वजन पाण्याला टेकलं, तिथेच टेप थांबवला. आकडा वाचून त्यातून कठड्याची उंची वजा करायची असते. बरोबरच्या ताईंनी वहीत दोन्ही मापं वेगवेगळी लिहिली, न सांगता.

८.३०
शाळेतलं पर्जन्यमापक. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठलाच होते, म्हणून मुलंही तीच वेळ पाळतात. आज शून्य. तेही लिहायचं, असा माझा आग्रह असतो. दोन पावसांतला खंड किती लांबला ते त्या शून्यांवरूनच कळतं. ध्रुवावरच्या बर्फाच्या गोष्टीने इथे हवामान बदल कळत नाही. पाऊस दांडी मारतो, मग दोन दिवसांत कोसळतो आणि मुरायच्या आत ओढ्याने निघून जातो, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

११.००
महिला सभा. ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. फळ्यावर गणित मांडलं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर. वर्षाला ४०० मिलिमीटर धरले, तर १६ लाख लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला सुमारे २,००० मिलिमीटर लागतात, म्हणजे एकरी ८० लाख. पाच एकरांवरचा सगळा पाऊस एका एकरातला ऊस पितो, तोही एक थेंब वाहून गेला नाही, वाफ झाली नाही असं धरलं तर.

मागून आवाज आला, "आमचे हंडे कुठं लिहिलेत?"

फळा पुसला. वर माणसं, खाली जनावरं, उरेल ते पिकांना.

दुपारी ३.००
डोंगरउतारावरचे सलग समतल चर पाहिले. बरेच गाळाने भरलेत. उपसायला हवेत.

संध्याकाळी ७.००
ग्रामसभा. आकडे वाचून झाल्यावर एक शेतकरी उठले. "ताई, कांद्याऐवजी हरभरा करतो. भावाची हमी कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे. पाणी वाचवायला सांगायचं आणि विकायच्या वेळी माणसाला एकटं सोडायचं, हा अन्यायच. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, तसं सभेत सांगितलं. एकत्र विक्री आणि ठिबक यांवर चर्चा झाली. मग याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा विषय निघाला. तिथे दरवर्षी ताळेबंद पाहून पिकं ठरतात; ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही. हे नियम गावाने स्वतः केले, म्हणून ते टिकले असं मला वाटतं. बाहेरून लादलेला नियम पहिल्याच दुष्काळात मोडला असता.

रात्री ९.३०
ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. नव्या बोअरचा विषय पुढच्या सभेवर गेला.

तुमच्या गावातही पेरणीआधी ग्रामसभा होईल. तिथे विहिरींची पातळी विचारा. कोणी मोजली नसेल, तर टेप घेऊन तुम्हीच मोजा.