मागणीबरहुकूम काव्य



सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळच्या औरंगाबादेतील एका शाळेत मी मराठी शिकवीत असे. एकदा सातवीच्या वर्गाला मी ‘माझी आवडती कविता’ हा निबंधाचा विषय दिला. एका मुलाने क्रमिक पुस्तकातील कविता सोडून एका बोलपटातील गीत निवडले आणि त्यावर दोन पाने मन लावून लिहिली. एकाच मातीतून घडलेल्या मडक्यांचे नशीब निरनिराळे का, असे विठ्ठलालाच विचारणारे ते गीत. मी समासात तांबड्या शाईने लिहिले, “हे सिनेमाचे गाणे आहे, कविता नव्हे,” आणि दहांपैकी दोन गुण दिले. मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. “गुरुजी, पण हे अभंगासारखंच आहे ना?” असे त्याने भीत भीत विचारले. मी म्हणालो, “अभंग कोणी पैसे घेऊन लिहीत नाही.”

वर्ग हसला व मुलगा जागेवर जाऊन बसला. माझे ते उत्तर मात्र माझ्याच मनात रुतून राहिले, आणि ते कितपत खरे होते याची झडती आज मी आपणासमक्ष घेणार आहे. गीत होते ‘प्रपंच’ या १९६१ सालच्या बोलपटातील, आणि गीतकार होते गजानन दिगंबर माडगूळकर, म्हणजे महाराष्ट्राचे गदिमा.

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे या गावी झाला. घराणे शेजारच्या माडगुळ्याचे. हा मुलूख माणदेशाचा, पावसाने कायम पाठ फिरविलेला. वडील औंध संस्थानात कारकुनी करीत, आणि संसार ओढाताणीचा होता. परंतु त्या उघड्याबोडक्या मुलखात जात्यावरच्या ओव्या होत्या, देवळातील कीर्तन होते आणि जत्रेतील तमाशाही होता. या तिन्हींची शिदोरी मुलाने बांधून घेतली. शाळेत मात्र गणिताने दगा दिला व मॅट्रिकची परीक्षा पदरात पडली नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकपाशीच थांबलेल्या माणसास ही हकीकत वाचून किंचित धीर आला, हे कबूल करतो. गणितात नापास झालेल्या या मनुष्याने पुढे आयुष्यभर मात्रा मोजल्या आणि त्यांचा हिशेब क्वचितच चुकला!

पोटासाठी त्यांनी कोल्हापूर गाठले. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ सालच्या बोलपटात त्यांना एक लहानशी भूमिका मिळाली. वि. स. खांडेकरांकडे त्यांनी लेखनिकाचे काम केले, के. नारायण काळे यांच्या हाताखाली उमेदवारी केली. इतरांची वाक्ये लिहून घेता घेता संवाद कसा उभा राहतो हे त्यांच्या बोटांना कळले असावे. गीतलेखनाची संधी १९४२ च्या सुमारास आली, आणि १९४७ साली ‘रामजोशी’ने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले. शांतारामबापूंच्या राजकमल संस्थेचा हा बोलपट बाबुराव पेंटरांनी दिग्दर्शित केला. नायक जयराम शिलेदार, नायिका हंसा वाडकर.

येथे क्षणभर थांबून रामजोशींकडेच पाहिले पाहिजे. पेशवाईच्या उत्तरकाळातील हा सोलापूरचा ब्राह्मण कवी तमाशाच्या फडासाठी लावण्या रची आणि पुढे कीर्तनातही उभा राही. त्या काळचे शाहीर समोरच्या मंडळींसाठी रचीत, डफाच्या ठेक्यावर रचीत, आणि बिदागी घेत. आज विद्यापीठांतून त्यांच्या लावण्यांवर प्रबंध लिहिले जातात. त्यांनी बिदागी किती घेतली हे कोणी विचारीत नाही. माझ्या तांबड्या शाईला पहिला तडा येथेच गेला.

आता गीतकाराचे काम कसे चालते ते पाहू. कवी आपल्या मनास येईल तो विषय, हवे ते वृत्त आणि हवी तितकी लांबी घेतो. गीतकारास यांपैकी बहुतेक गोष्टी ठरवून दिलेल्या असतात. पात्र ठरलेले असते. खेडवळ बाईच्या तोंडी संस्कृत समास घालून चालत नाही. प्रसंग ठरलेला, गाणाऱ्याच्या गळ्याची धाव ठरलेली, आणि पुष्कळदा चालही आधीच तयार असते. त्यात ध्वनिमुद्रिकेची मर्यादा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात वाद्यांची सुरावट, ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे उरकावयाचे. शिवाय ध्रुवपद असे पाहिजे की प्रत्येक अंतऱ्यानंतर ते पुन्हा आले असता शिळे न वाटता त्यास नवा अर्थ चढावा. शेवटची अट सर्वांत कठीण, आणि माडगूळकरांचे कसब तेथेच दिसते.

ही रीत केवळ आपल्याकडची नव्हे. ज्या काळात माडगूळकर कोल्हापुरात उमेदवारी करीत होते, त्याच काळात अमेरिकेत ‘स्विंग’ नावाच्या नृत्यसंगीताचा बहर होता आणि तेथे जॉनी मर्सर हा गीतकार नाव मिळवीत होता. तो १९०९ साली जॉर्जिया प्रांतातील सव्हाना शहरात जन्मला. बापाचा धंदा बुडाल्यावर न्यूयॉर्कला आला, नट व्हावयास निघाला आणि गीतकार झाला. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर तो नभोवाणीवर गात असे. १९४२ साली त्याने दोघा भागीदारांसह कॅपिटल ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. बोलपटगीतांसाठी त्यास चार वेळा ऑस्कर मिळाले. त्याच्या हातात बहुधा तयार चाल पडे. तेथील गीताचा साचा पुष्कळदा आठ-आठ आवर्तनांच्या चार तुकड्यांचा असे. पहिला, दुसरा व चौथा एका चालीचे आणि तिसरा वेगळा. एवढ्या पिंजऱ्यात त्याने आपल्या दक्षिणेकडील गावची बोली, आगगाड्या आणि नद्या आणून बसविल्या. मर्सर १९७६ साली वारला, माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी. दोघांची भेट झाली असती तर निदान चालीवर शब्द बसविण्याच्या कटकटीविषयी त्यांचे एकमत झाले असते.

मात्र एक मोठा फरक आहे. मर्सरला गीत लिहावयाचे असे. माडगूळकर पुष्कळदा गीतांबरोबर कथा, पटकथा आणि संवादही लिहीत. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक माडगूळकर या त्रयीने ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) असे बोलपट दिले. (‘ऊन पाऊस’मधील वृद्ध मास्तर पाहून आमच्या पेशातील कोणाचे डोळे कोरडे राहिले असतील असे वाटत नाही.) कथा व गीत एकाच डोक्यातून निघाल्याने गीत ठिगळासारखे चिकटविलेले दिसत नाही. ‘प्रपंच’चेच घ्या. त्याची कथा एका कुंभाराच्या घरची. पोरवडा मोठा, मिळकत तोकडी. त्या घरात विठ्ठलाची आठवण झाली तर तो कुंभाराच्याच रूपात दिसणार, आणि गाऱ्हाणे मडक्यांच्याच भाषेत मांडले जाणार! त्या मुलाच्या वहीतील गीत या कारणाने जन्मले होते. ते मागणीबरहुकूम होते हे खरे. पण मागणी करणारा केवळ निर्माता नव्हता, कथेतील कुंभारही होता. आज ते गीत भजनी मंडळांत टाळांच्या साथीने म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांस ते बोलपटातील आहे याची वार्ताही नसते.

त्यांनी हिंदीसाठीही लिहिले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या शांतारामबापूंच्या बोलपटाची कथा त्यांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत १९३९ पासून होती. गावाशेजारची ती हकीकत या कथेच्या मुळाशी आहे. बर्लिनच्या महोत्सवात बोलपटाचा गौरव झाला, आणि मूळ प्रसंग माणदेशातील माळरानावरचा!

आता गीतरामायणाकडे वळतो, आणि येथे थोडा रेंगाळणार आहे. पुणे नभोवाणी केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ठरले की रामकथा गीतांतून सांगावी, वर्षभर, दर आठवड्यास एक नवे गीत. कवी माडगूळकर, संगीत सुधीर फडक्यांचे. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीस आरंभ झाला. त्या वर्षी भाद्रपद अधिक आल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढल्या रामनवमीस, समाप्ती झाली. पंचांगाने कवीस चार गीते जास्त लिहावयास लावल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

या व्यवस्थेत सवड कोठेच नव्हती. आठवड्याच्या आत गीत लिहावयाचे, फडक्यांनी चाल बांधावयाची, गायकास शिकवावयाची, वादकांची तालीम घ्यावयाची, की लगेच पुढच्या गीताची घाई. सांगतात की पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून गहाळ झाला. कवी संतापले, तेव्हा त्यांस एका खोलीत बसवून ते गीत पुन्हा लिहून घेतले गेले. भूप रागातील ते पहिले गीत आज ऐकताना घाईची खूण कोठेच सापडत नाही.

प्रत्येक गीत कोणा तरी पात्राच्या तोंडचे. आरंभी कुश-लव रामासमोर गातात. मग दशरथ, कौसल्या, भरत, सीता, शूर्पणखा, हनुमान असे एकेक बोलू लागतात. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर यांनी गीते म्हटली, आणि रामाची गीते फडक्यांनी. गीत स्वतःपुरते पूर्ण हवे, कारण मागचा आठवडा चुकलेला श्रोताही असणार. आणि कथा एक पाऊल पुढे गेली पाहिजे, नाही तर वर्ष संपेल आणि राम वनातच राहील.

चित्रकूटावर रामाने भरताची समजूत घातली, तो प्रसंग पाहा. माणसांचे एकत्र येणे हे समुद्रात तरंगणाऱ्या दोन ओंडक्यांच्या भेटीसारखे आहे, हा दृष्टांत वाल्मीकीच्या अयोध्याकांडातील. संस्कृत जाणणारे शास्त्री तो वाचीत आलेले होते. माडगूळकरांनी तो अशा सोप्या मराठीत व अशा ध्रुवपदाभोवती बसविला की घरात कोणी गेले असता आजही लोक ते गीत लावून निमूट बसतात. अंतऱ्यामागून अंतरा जातो, ध्रुवपद दरवेळी परत येते, आणि दरवेळी ते अधिक जड होते. मागे जी कठीण अट सांगितली ती हीच.

आपल्या या भागास रामकथेचे हे मराठीकरण नवे वाटावयास नको. येथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील पैठणात नाथांनी भावार्थरामायण रचिले, आणि त्याच नाथांनी वासुदेव, जोगवा, विंचू अशी लोकांच्या ओळखीची सोंगे घेऊन भारुडेही लिहिली. नाथांनी पैसे घेतले नाहीत, हे निर्विवाद. परंतु समोर कोण उभा आहे, त्यास कोणती चाल ठाऊक आहे आणि तो किती वेळ थांबेल, हे पाहूनच ती रचना झालेली आहे. गीतरामायण संपले तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो पुण्या-मुंबईच्या राज्यात आला. गीतांना तेवढीही वाट पाहावी लागली नसेल.

माडगूळकरांचे सर्वच लेखन एका उंचीचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. दीडशेच्या घरात बोलपट म्हटल्यावर काही गीते हात सवयीने चालल्यासारखी वाटतात. यमके सुबक, पण मन कोठे दिसत नाही. स्वतःसाठी लिहिलेल्या ‘जोगिया’ (१९५६) या संग्रहातील कविता वाचल्यावर ही वजाबाकी अधिकच जाणवते. असो. सरकारने १९६९ साली त्यांस पद्मश्री दिली, विधानपरिषदेत ते बारा वर्षे बसले, आणि १९७३ साली यवतमाळच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बोलपटाची गीते लिहिणारा मनुष्य साहित्यिकांच्या व्यासपीठावर मध्यभागी बसला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी माझ्या वर्गात ती तांबडी शाई चालविली!

ज्या १९७७ साली माडगूळकर गेले, त्याच साली ‘जैत रे जैत’ हा बोलपट आला. त्याची गीते आपल्या अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांची होती. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह आम्ही मास्तर मंडळी कौतुकाने वाचीत असू, आणि तेच कवी बोलपटासाठी लिहिते झाल्यावर आमच्यापैकी कोणी त्यांस कवींच्या यादीतून काढले नाही. वहीतील त्या गीतास मी निराळे माप लावले होते, ते आणखी एक-दोन वर्षांनी माझ्या ध्यानात आले. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. पुढे निबंधाचा तोच विषय मी पुष्कळदा दिला आणि बोलपटातील गीत कोणी निवडले तर त्याला उभे करून ते वर्गात म्हणावयास लावीत असे. चालीवर एकदा, आणि चालीवाचून एकदा.