बदामाच्या पिठाऐवजी दाण्याचे कूट : ज्वारी-बाजरीच्या नानकटाईसंबंधी काही माहिती

शहरांतील बेकऱ्यांत बदामाच्या पिठाची बिस्किटे व केक विक्रीस ठेवलेले आढळतात. ज्यांना गहू वर्ज्य आहे किंवा ज्यांना आहारातील पिष्टमय पदार्थ कमी करावयाचे आहेत, असे गिऱ्हाईक हे पदार्थ मागते. ही मागणी पाहून अनेक महिला बचत गट व लहान बेकरीचालक असा माल आपल्याकडे होईल काय, अशी चौकशी करतात. तथापि बदाम हे आपल्या भागातील पीक नव्हे. जगातील बदामाचे फार मोठे उत्पादन एकट्या कॅलिफोर्नियात होते आणि भारतातील बाजारात येणारा पुष्कळसा माल तेथूनच येतो. असा महाग कच्चा माल आणून गावात बिस्किटे भाजणे परवडण्यासारखे नाही. सबब बदामाचे पीठ त्या पदार्थात नेमके कोणते काम करते हे प्रथम समजून घ्यावे आणि तेच काम करणारी वस्तू आपल्या शेतात पिकते काय, हे पाहावे.

बदामाचे पीठ म्हणजे साल काढलेल्या बदामाचे बारीक कूट होय. त्यात वजनाच्या सुमारे निम्मी चरबी आणि सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात. पिष्ट अगदी थोडे असते. गव्हाच्या पिठात याच्या उलट स्थिती आहे. तेथे पिष्ट भरपूर व चरबी नाममात्र असते. शिवाय गव्हातील प्रथिने पाण्यात मळली की त्यांचे ताणले जाणारे जाळे तयार होते. या जाळ्यास ग्लूटेन म्हणतात. पावाच्या पिठात उत्पन्न होणारा वायू या जाळ्यात अडकतो व पाव फुगतो. बदामाच्या पिठात असे जाळे होत नाही. त्यामुळे त्याचा पाव होत नाही. परंतु चरबीमुळे त्याचे बिस्कीट खुसखुशीत होते आणि अंड्याची जोड मिळाल्यास केकही मऊ होतो.

बदामाऐवजी स्थानिक दाणा वापरण्याची रीत नवीन नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू सोळाव्या शतकात गोव्यात रुजला आणि युरोपात बदामाचे होणारे मार्झिपान गोव्याच्या घरांतून नाताळासाठी काजूचे होऊ लागले. तमिळनाडूतील तुत्तुकुडी येथील मॅकरून प्रसिद्ध आहेत. तेही अंड्याचा पांढरा बलक, साखर व काजू यांचे असतात. कोकणास व गोव्यास जसा काजू, तसा अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यास भुईमूग. शेंगदाण्यात सुमारे ४५ ते ५० टक्के चरबी व सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. म्हणजे घडणीने तो बदामाचा जवळचा शेजारी आहे, प्रथिनांत तर थोडा सरसच. दाण्याचे कूट आपल्याकडे घरोघर रोज केले जाते. फक्त भाजीत घालण्याचे कूट जाडसर चालते. बिस्किटासाठी ते पिठासारखे बारीक असावे लागते.

ते करताना एक अडचण हमखास येते. दाणे मिक्सरमध्ये सतत फिरविले की तापतात, तेल सुटते आणि पिठाऐवजी गोळा हाती येतो. म्हणून दाणे मंद आचेवर हलके भाजावेत, साले चोळून पाखडून टाकावीत आणि दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत. नंतर पाव किलो दाण्यांत दोन-तीन चमचे ज्वारीचे पीठ मिसळून, थांबत थांबत, थोडे थोडे दळावे. कोरडे पीठ सुटणारे तेल शोषून घेते. कूट चाळणीने चाळून वरचा जाड भाग पुन्हा दळावा. दाणे फार खरपूस भाजू नयेत. बदामाची चव सौम्य असते व ती कोणत्याही पदार्थात सामावते. दाण्याचे तसे नाही. अधिक भाजला की तो सगळ्या पदार्थावर आपलीच चव चढवितो. वेलदोडा, सुंठ किंवा गूळ यांची जोड दिल्यास ही चव उपकारक ठरते.

येथे बुरशीच्या विषाचा विचार करणे अत्यंत जरूर आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत दगावले. तपासाअंती त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष हे कारण निघाले. या विषास अ‍ॅफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते मनुष्याच्याही यकृतास घातक असून, दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भाजण्याने त्याचा काही अंश कमी झाला तरी पूर्ण नाश होत नाही. म्हणजे भट्टीतून निघालेले बिस्कीट आपोआप निर्दोष होत नाही. पीक तयार होण्याच्या सुमारास पावसाने ताण दिला व जमीन तापली, तर ही बुरशी शेंगेत शिरते. काढणीनंतर शेंगा भिजल्या किंवा ओल्याच पोत्यांत भरल्या, तरीही ती वाढते. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पहिला प्रसंग वारंवार येतो आणि परतीचा पाऊस दुसरा प्रसंग आणतो.

यास्तव उपाय शेतापासूनच सुरू होतो. शेवटच्या टप्प्यात शक्य असल्यास एक संरक्षक पाणी द्यावे. काढणी लांबवू नये. खुरप्याने वा नांगराने फुटलेल्या शेंगा वेगळ्या ठेवाव्यात. शेंगा पातळ पसरून, हलविल्यावर आतील दाणे खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात आणि कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवाव्यात. दाणे फोडल्यावर सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळ्या बुरशीचे व खवट वासाचे दाणे हाताने निवडून काढावेत. बाजारात स्वस्त मिळणारा बारीक, सुरकुतलेला माल बिस्किटासाठी घेऊ नये. विष आढळण्याचा संभव त्यातच अधिक. निवडून काढलेले दाणे गुरांपुढे टाकण्याची पद्धतही सोडावी, कारण दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा अंश दुधात उतरतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० नंतरच्या दशकात तीन भाग भुईमुगाचे पीठ व एक भाग हरभऱ्याचे पीठ यांचे पौष्टिक मिश्रण तयार केले होते. परंतु त्यासाठी वापरलेले पीठ माणसांच्या आहारासाठी मुद्दाम तयार केलेले होते. त्यावरून घाण्यावरची गुरांची पेंड आणून बिस्किटात घालण्याचा विचार कोणी करू नये.

कूट झाले चरबीसाठी व चवीसाठी. पण नुसत्या कुटाचे बिस्कीट महाग पडते व तुपकट लागते. मुख्य पीठ ज्वारीचे घ्यावे. जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पाथर्डी या तालुक्यांतील रब्बी ज्वारी पांढरी, टपोरी व चवीस गोड असते. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. खरिपातील ज्वारी पावसात सापडून काळी पडली असेल, तर ती या कामी निरुपयोगी समजावी.

ज्वारीतही ग्लूटेन नाही. मग भाकरी कशी थापली जाते? याचे उत्तर प्रत्येक गृहिणीच्या हातात आहे. ती पिठात कढत पाणी घालते, प्रसंगी थोड्या पिठाची उकड काढून उरलेल्यात मळते. ज्वारीचे पिष्ट सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून चिकट होते. ती चिकटाई ग्लूटेनची जागा काही अंशी भरून काढते. पीठ जुने झाले की विरी जाते, भाकरी कडेने चिरते, हेही तिला ठाऊक असते. हेच ज्ञान बेकरीत वापरावे. लाटून कापावयाच्या बिस्किटांसाठी एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शाची, तेवढ्याच वजनाचे उकळते पाणी घालून, उकड करावी. ती गार झाल्यावर बाकीच्या पिठात मिसळावी आणि दूध त्या मानाने कमी घालावे. अंडे न चालणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एक चमचा जवसाची बारीक पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. तिचा बुळबुळीत गोळा केकमध्ये एका अंड्याइतका बंध देतो, मात्र अंड्यासारखा फुगवटा देत नाही.

आरंभ नानकटाईने करावा हे उत्तम. तिला फुगण्याची गरज नसते. तूप व साखर यांच्या बळावरच ती आकार धरते. त्यामुळे गहू पूर्णपणे वगळूनही ती चांगली होते. ज्वारीचे ताजे पीठ २०० ग्रॅम बारीक चाळून घ्यावे. १२० ग्रॅम तूप व १२५ ग्रॅम पिठीसाखर हलकी व पांढरट होईपर्यंत फेसावी. त्यात ५० ग्रॅम दाण्याचे कूट, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि ज्वारीचे पीठ मिसळावे. कुटातील तेल जमेस धरूनच तुपाचे माप ठेवले आहे. नेहमीच्या सवयीने तूप वाढविल्यास नानकटाई पसरते. गोळा वळत नसेल तर एक-दोन चमचे दूध शिंपडावे. नंतर गोळा झाकून अर्धा तास ठेवावा. ही विश्रांती टाळू नये. ज्वारीचे कण पाणी सावकाश शोषतात आणि ते कोरडे राहिले तर खाताना दाताखाली कचकच लागते. २० ग्रॅमच्या सुमारे २४ नानकटाया होतात. १६० अंश सेल्सिअसला १८ ते २० मिनिटे भाजाव्यात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळू आधी पंधरा मिनिटे तापवून, वर जाळी व ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजता येतात. वेळ थोडा अधिक लागतो. भट्टीतून काढताच त्यांस हात लावू नये. गरम असताना त्या मऊ असतात व मोडतात. गार होताच घट्ट होतात. पहिल्या खेपेस पुष्कळांचा माल येथेच मोडतो आणि दोष ज्वारीला दिला जातो.

पारनेर, संगमनेर, नगर या भागांतील बाजरीही वापरता येते. तिच्यात ज्वारीपेक्षा चरबी अधिक, सुमारे पाच टक्के, असते आणि दळल्यावर ती लवकर खवट होऊन पीठ कडू लागते. घरोघरी बाजरी थोडी थोडी दळून आणतात ती याच कारणाने. विक्रीच्या मालासाठी बाजरी उकळत्या पाण्यात अर्ध्या मिनिटापुरती बुडवून, लगेच निथळून, कडकडीत वाळवून दळल्यास पीठ बरेच अधिक दिवस टिकते. तरीही एका खेपेस लागेल तेवढेच दळावे. कडू निघालेल्या एका पुड्यामुळे गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.

पावाच्या बाबतीत मोठी अपेक्षा ठेवू नये. गव्हाच्या पिठात दर शेकडा १५ ते २० भाग ज्वारी मिसळल्यास पाव ठीक होतो. त्यापुढे तो दडस होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६४ साली मिश्र पिठांचा कार्यक्रम हाती घेतला, त्याचा उद्देश गव्हाची आयात कमी करणे हा होता; तेथेही स्थानिक पिठाचे प्रमाण हाच कळीचा प्रश्न होता.

विक्रीसंबंधी एक सूचना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून द्यावी. ज्वारी, बाजरी व शेंगदाणा यांत ग्लूटेन नसले तरी गावच्या गिरणीत त्याच जात्यावर गहूही दळला जातो. सीलिअॅक नावाच्या विकारात गव्हाचा अल्प अंशही आतड्यांस इजा करतो आणि असे रुग्ण पुष्कळदा लहान मुले असतात. भारतातील नियमानुसार दर किलोस २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असलेल्या मालासच ग्लूटेनविरहित म्हणता येते. आधी दोन किलो ज्वारी दळून जाते साफ केले, एवढ्यावर ही खात्री देता येत नाही. स्वतंत्र चक्की, स्वतंत्र चाळण्या व प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर पुड्यावर ‘ज्वारीची नानकटाई’ एवढेच छापावे. त्याखाली शेंगदाण्याचा उल्लेख ठळक असावा, कारण काही लोकांस शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते. भाजल्याची तारीख लिहावी, हवाबंद डबा वा पुडा वापरावा आणि प्रत्येक खेपेतील चार नानकटाया बाजूस ठेवून दर आठवड्यास चाखून पाहाव्यात. ज्या दिवशी खवट वास येईल त्याच्या पुष्कळ आधीची मुदत पुड्यावर घालावी.